गोठ्याचं दार

भिकूने मुंबईहून आणलेली वस्तू नाते गावापर्यंत बैलगाडीने आली. तिथून पुढे गाडीवाट नव्हती. चौघांनी ती वाशाला टांगली आणि शिकार केलेला डुक्कर आणावा तशी खांद्यावरून वर वाडीत आणली. अंगणात ठेवल्यावर अकराही घरांतली माणसं भोवती येऊन उभी राहिली. लोखंडाचं मोठं सूप असावं तसा तिचा आकार होता. मागे दोन लाकडी मुठी, पुढे धारेची जाड पात आणि दोन्ही अंगांना साखळ्या अडकवायच्या कड्या.

"ह्याला इस्क्रेपर म्हनतात," भिकू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "बैलांच्या मागं लावायचा. माती खरवडतो, पोटात घेतो आन् न्यू तिथं वततो. कुर्ल्याला रस्त्याच्या कामावर बघितला मी. फसकलास काम."

"कुर्ल्याला बैल कुठलं व्हतं?" ओटीवरून त्याच्या आईने, सगुणाबाईने विचारलं.

"खिलारी. मोठं."

सगुणाबाईने गोठ्याकडे बघितलं. मोऱ्या आणि गुंजा दावणीला रवंथ करत उभे होते. डोंगरातले बैल ते, चढाला बकरीसारखे चपळ, पण अंगाने बेताचे.

"बरं," ती म्हणाली आणि पुन्हा वाल सोलायला लागली.

दारात आवडी उभी होती. भिकूची बायको. तिच्या हातात गूळपाण्याचा तांब्या होता आणि तो द्यायचं ती विसरून गेली होती. लोखंडाचं तिला फारसं कौतुक नव्हतं. पण एवढं जड ओझं आगबोटीतून, मचव्यातून, गाडीतून जो माणूस घरी आणतो, त्याच्या मनात आठ दिवसांनी परत जायचं नसतं, एवढं तिला कळत होतं.

तिच्या लग्नाला चौदा वर्षं झाली होती. भिकू गिरणीत कामाला. गणपतीला यायचा, पंधरा दिवस राहायचा आणि आगबोटीने परत जायचा. एका पावसाळ्यात आवडीने चिंचोके मांडून हिशेब केला होता, तेव्हा नवऱ्याबरोबरचे सगळे दिवस मिळून वर्षसुद्धा भरलं नव्हतं. मूल नव्हतं. कोणी बायांनी तो विषय काढला, की सगुणाबाई फटकन म्हणे, "ल्येकरू व्हयाला मानूस घरात असावा लागतो गो. टपालानं येतात काय?"

त्या साली, म्हणजे तेहेतीस-चौतीसच्या सुमाराला, चैत्रात गिरणी दोन महिन्यांसाठी बंद राहिली आणि भिकू अवेळी घरी आला. आल्या दिवशी जेवताना त्याने सांगून टाकलं.

"बाबाच्या बांधामागं खाचर झालं तर मी जायाचा नाय."

घरासमोरच्या उताराखाली त्याच्या बापाने दगडी बांध रचून ठेवला होता. बांध पुरा झाला आणि म्हातारा गेला. वरची जमीन उताराचीच राहिली. पाणी तिच्यावर ठरत नव्हतं, वाहून जायचं, म्हणून तिथे नाचणीच व्हायची. जमीन सपाट केली तर पाणी तुंबलं असतं आणि भात लावता आलं असतं. वरच्या आणि खालच्या कडेत गुडघाभर फरक होता, जास्त नाही. पण गुडघाभर माती पाच गुंठ्यांतून हलवायची म्हणजे दोन बायांच्या पाटी-कुदळीचं काम नव्हतं.

"नाचनीवर तुमी दोघी निभावता," भिकू म्हणाला. "तिसरं तोंड भात मागतंय. वैशाखाच्या शेवटी आगबोट बंद हुईल. ज्येष्ठ लागल्याबरोबर गिरनीत उभा नाय राह्यलो तर माजी जागा दुसऱ्याला जाईल. तवा शेवटच्या आगबोटीच्या आत खाचर झालं तर ठीक. नायतर मला गेलंच पायजे."

आवडीने त्याच्या पानात आणखी एक भाकरी वाढली, जी त्याने मागितली नव्हती.

तर इस्क्रेपर. दुसऱ्या दिवशी तो मोऱ्या-गुंजाच्या मागे जुंपला. भिकूने मुठी धरल्या, बैलांना हाक घातली. पाच पावलं सगळं बरं चाललं. मग पात मुरमात रुतली, बैलांनी दम लावून हिसका दिला, मुठी वर उसळल्या आणि भिकू त्यांच्यावरून उडून पुढे लोखंडाच्या सुपात जाऊन पडला. बैल थांबले. गुंजाने मान वळवून बघितलं.

"माती पोटात घेतो म्हनालावतास," बांधावरून सगुणाबाई म्हणाली. "मानूसबी घेतो व्हय?"

पदर तोंडाशी धरून आवडी दुसरीकडे बघायला लागली. तिचे खांदे हलत होते ते भिकूला दिसलं, आणि गुडघा खरचटला होता तरी त्यालाही हसू आलं. तरीपण त्याने तीन दिवस सोडलं नाही. कधी मुठी दाबून, कधी उचलून, कधी बैलांना चुचकारून. तिसऱ्या दिवशी मोऱ्या गुडघ्यावर बसला आणि उठेना. तेव्हा भिकूने साखळ्या सोडल्या.

नाते गावचा आबाजी हा भिकूचा मामा. खाली सपाटीला त्याची मोठी भातशेती होती आणि त्याच्याकडे केणी होती. सागाचा चांगला रुंद फळा, मागे धरायला दांडा. बैल ओढतात, माणूस दांडा दाबतो, आणि माती फळ्यापुढे ढिगाने सरकत जाते.

"ने की," आबाजी म्हणाला. "पन माज्या बैलांची जोडी नाय हां देनार. डोंगर चढून त्यांनला धाप लागंल. आन् ऐक ममईवाल्या, ही भुसभुशीत मातीची बाई हाय. मुरमात घालशील तर रुसंल."

केणी आली त्याच दिवशी सगुणाबाईचे गुडघे फार धरले. सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडात चार बुड्या मारल्या की तिला वर्षभर बरं वाटायचं. आवडी तिला घेऊन गेली, रात्र तिथेच ओळखीच्या घरी काढून दुसऱ्या दिवशी दुपारी दोघी परतल्या. भिकू बांधावर वाट बघत उभा होता. अंगभर माती, पण चेहरा उजळलेला.

"या, या. बगा काय झालंय ते."

केणी चालली होती. वरच्या कोपऱ्यात माती लोण्यासारखी मऊ लागली म्हणून त्याने तिथूनच सुरुवात केली होती, आणि दीड दिवसात ती सगळी ओढून बांधाकडच्या खोलगट जागेत नेऊन टाकली होती. खालची बाजू वीतभर वर आली होती. वरच्या कोपऱ्यात पिवळा मुरूम उघडा पडला होता.

आवडी त्या मुरमाशी जाऊन उकिडवी बसली. हाताने थोडा उकरला. मग उठून खाली बांधाशी गेली आणि तिथली काळी माती मुठीत घेतली.

"वरल्या कोपऱ्यात मी राब भाजायची," ती म्हणाली.

भिकूला राब माहीत होता, डोंगरात कोणाला नसतो? झाडांचे टाहाळे, शेण, पालापाचोळा जमिनीवर पसरून पेटवायचा आणि भाजलेल्या मातीत रोपं करायची. पण ते काम चैत्र-वैशाखातलं. तो यायचा गणपतीला, तेव्हा सगळीकडे सारखीच हिरवी नाचणी उभी असायची.

"दरसाल तिथंच?"

"दरसाल. चौदा वर्षं. माती तवा कुठं अशी झाली." तिने मूठ उघडली. "आता ही खाली गेली न् वर मुरूम. खाचर सपाट हुईल, पन वरल्या अंगाला भात उगवायचा नाय. माजा बाबा सांगायचा, आदी काळी माती बाजूला काडून ठेवायची, मग मुरूम हलवायचा, मग काळी परत पसरायची. भाकरीवर लोनी लावतो तशी."

तिचं माहेर पोलादपूरच्या वरच्या डोंगरात होतं. तिच्या बापाने आयुष्यभर खाचरंच काढली होती.

"मग बोलली का नायस आदी?"

"तुमी इचारलं कुठं? तुमी ममईहून लोखंड घेऊन आलाव. मला वाटलं तिकडं शिकून आलाव."

यात टोमणा नव्हता, म्हणून तो जास्त लागला. दुसऱ्या दिवशी उजाडताच भिकूने डोक्याला चुंबळ बांधली, पाटी घेतली आणि तो बांधाजवळची काळी माती एकेक पाटी करून आंब्याखाली नेऊन टाकायला लागला. चार दिवस तो हेच करत होता. गिरणीतला माणूस डोक्यावर मातीची पाटी घेऊन चाललेला बघायला शेजारचे येऊन बांधावर बसायचे. आवडीने उरलेल्या जमिनीवरची माती खरवडून त्याच ढिगावर आणली. एकमेकांना भेटायची ती ढिगाशी, पाटी ओतताना.

"जड हाय काय?" तो विचारायचा.

"सवय हाय," ती म्हणायची.

पाचव्या दिवशी जमीन नुसती मुरमाची उरली आणि शेवटच्या आगबोटीला उरले बारा दिवस. मुरमाला आबाजीची केणी चालणार नव्हती. इस्क्रेपर मोऱ्या-गुंजाला झेपणार नव्हता. भिकू गोठ्यासमोर दगडावर बसून दोन्हींकडे आळीपाळीने बघत होता. गवताचा भारा घेऊन आवडी आली आणि गोठ्याचं दार ढकलून आत जाता जाता थांबली.

"बाबा फळी वापरायचा," ती म्हणाली. "लांब फळी, बैलांमागं आडवी. वर मानूस उभा. मानूस पुढं झुकला की फळी माती धरते, मागं झाला की सोडते. बैलांनला जेवडं झेपंल तेवडंच वजन. इस्क्रेपरचं कसं, वजन कमी करता येत नाय."

"एवढी फळी आनायची कुठनं? न् नुसतं लाकूड मुरमात घासून जाईल."

आवडीने दारावर हात ठेवला. ऐनाच्या लाकडाचं जुनं दार होतं, जाड, काळं पडलेलं, तिच्या दोन्ही हातांच्या वावेएवढं. भिकू उठला. त्याने दार ठोकून बघितलं, खालची कड चाचपली. मग इस्क्रेपरकडे गेला, वाकून त्याची धारेची पात बघितली आणि हसायला लागला.

"काय झालं?"

"ही बोल्टावर हाय गो. नुसती बोल्टावर हाय."

गिरणीतून येताना त्याने ट्रंकेत पाना आणला होता. कशाला, ते त्यालाही सांगता आलं नसतं. इतकी वर्षं खिशात बाळगलेली वस्तू माणूस मागे ठेवत नाही, एवढंच. संध्याकाळपर्यंत त्याने लोखंडाची पात सोडवली आणि दाराच्या खालच्या कडेला घट्ट बसवली. साखळ्या दाराला लावल्या. उरलेलं लोखंडी सूप आवडीने गोठ्याशी ओढत नेलं आणि त्यात पाणी भरलं. मोऱ्याने त्यात तोंड घातलं.

"घ्या," सगुणाबाई म्हणाली, "ममईचं लोखंड कामाला आलं."

आता फळीवर उभं कोण राहणार? भिकू राहिला तर बैल हाकायला कोणी नाही, आणि वजनही जास्त. आवडी उभी राहिली. पहिल्या फेरीत दोनदा घसरली. तिसऱ्या फेरीत तिच्या पायांना बापाकडचं सगळं आठवलं. गुडघे जरा मोडून, साखळीला एक हात, उंचवटा आला की पुढे, खोलगट आलं की टाचेवर. मुरूम दारापुढे गोळा होत चालला आणि बांधाकडे जाऊन पसरला. बैल एकदासुद्धा थांबले नाहीत.

वाडीत वयाने मोठा गोमाजी. तो काठी टेकत बांधावर येऊन उभा राहिला.

"भिकू, बाईमानूस जोतामागं? हे नवीन काय काडलंस रं? बाईनं नांगराला हात लावला तर पाऊस पळतो, ठाव नाय?"

भिकूने बैल थांबवले. आवडी खाली उतरायला लागली. ही रीत सगळ्यांना माहीत होती आणि त्या घरानेही आजवर ती मोडली नव्हती.

सगुणाबाई ओटीवरून उठली. गुडघ्यांमुळे तिला बांधापर्यंत यायला वेळ लागला, पण गोमाजी थांबला होता.

"गोमाजीभाऊ, हा नांगर हाय काय?"

"नांगर नाय, पन जोत तर हाय."

"हे माज्या गोठ्याचं दार हाय. आज ईस वर्षं ही दाराला रोज हात लावते, पाऊस कदी पळाला नाय."

"तवा ते बैलांच्या मागं नव्हतं."

"आन् रीत काय सांगते? बाईनं हात लावू नये. तिनं हात कुठं लावलाय? पाय लावलाय. पायाचं तुमच्या वाडवडलांनी काय सांगितलंय ते बोला."

गोमाजीने विचार केला. पायाचं कोणी काही सांगितलं नव्हतं.

"चौदा वर्षं झाली लगनाला, ईस कुठली?" तो एवढंच म्हणाला आणि काठी टेकत परत गेला.

"आये, खरंच ईस कुठली?" भिकूने विचारलं.

"मला तशी लागली," सगुणाबाई म्हणाली.

पुढचे दिवस दोघं सकाळी न्याहारी करून उतरायची आणि ऊन तापलं की वर यायची, पुन्हा कलत्या उन्हात उतरायची. इतका वेळ एकमेकांसमोर ती कधी नव्हती. भिकू बैलांपुढे उलटा चालायला शिकला, कारण त्याला तिच्याकडे बघायचं असे. तो म्हणायचा, की फळीवर लक्ष ठेवायला हवं. सपाटी कितपत आली ते बघायला आवडी घरातली काठवट आणायची, भाकऱ्या थापायची लाकडी परात. काठवटीच्या आत तिच्या बापाने गोल रेघ कोरून दिली होती, ती रेघ आवडी दरवर्षी कोळशाने पुन्हा काळी करायची, उगाच, माहेरची आठवण म्हणून. दार जमिनीवर आडवं टाकायचं, वर काठवट, तिच्यात रेघेपर्यंत पाणी. पाणी एका अंगाला रेघ ओलांडून गेलं तर ती बाजू खाली.

"डोळ्यानं दिसतंय की लेवल हाय," भिकू म्हणायचा.

"डोळा खोटं बोलतो. पानी नाय."

आणि वरून सगुणाबाईची हाक यायची, "काठवट आना गो, भाकऱ्या राह्यल्या."

शेवटची आगबोट मंगळवारी होती. दासगावच्या बंदरातून आगबोटीपर्यंत नेणारा मचवा भरतीला सुटायचा, म्हणून सकाळीच निघायला हवं होतं. सोमवारी दिवस कलायला आला तेव्हा मुरूम हलवून झाला होता. भिकू बैल धरून खाली बांधाशी उभा राहिला आणि आवडी काठवट घेऊन वरच्या अंगाला गेली. तीन ठिकाणी पाणी रेघेला लागून स्थिर राहिलं. मग वरच्या कोपऱ्यात, जिथे पूर्वी राब भाजत होती तिथे, तिने दार टाकलं आणि पाणी ओतलं. पाणी हललं, थांबलं, आणि बांधाच्या बाजूने रेघेवर चढून राहिलं.

"काय म्हनतंय पानी?" भिकूने खालून विचारलं.

तिथून त्याला काठवट दिसत नव्हती. आवडी वाकलेली होती. ठीक हाय एवढे दोन शब्द म्हटले असते, तर जाण्यासाठी ओटीवर काढून ठेवलेली ट्रंक परत आत गेली असती. श्रावणात वरच्या कोपऱ्यात पाणी ठरलं नसतं तेव्हाची गोष्ट तेव्हा. तिने काठवटीतल्या पाण्यात बोट बुडवलं, काढलं. पाणी पुन्हा तिथेच गेलं.

"कोपरा अंगठाभर उंच हाय," ती म्हणाली.

"अंगठाभर?"

"अंगठाभर. भात पिवळं पडंल हितं."

भिकूने बैल सोडले. घरी जाऊन पाय धुतले, जेवला, आणि ट्रंक भरली. सगुणाबाईने एकदा तोंड उघडलं आणि मिटलं, ही तिच्या आयुष्यातली मोठी गोष्ट.

पहाटे आवडीने उठून वाटेसाठी भाकऱ्या केल्या. लसणाची चटणी, दोन कांदे, सगळं फडक्यात बांधलं आणि बाहेर आली. ट्रंक ओटीवर होती. भिकू नव्हता. गोठ्यात बैलही नव्हते.

ती गाठोडं घेऊनच खाली गेली. भिकूने दार जुंपलं होतं आणि वर मोठा दगड ठेवला होता. कोपऱ्यात एक फेरी मारून झाली होती आणि फेरी वाकडी आली होती.

"दगडाला अक्कल नाय," तो म्हणाला. "कुठं पुढं व्हायाचं, कुठं मागं, त्येला कळत नाय. चढ."

"अवो, आगबोट?"

भिकूने दगड ढकलून खाली पाडला.

"अंगठाभर राह्यलंय. एवढ्यासाठी कोन ममई गाठतो?"

आवडीने गाठोडं बांधावर ठेवलं आणि फळीवर चढली.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा कुठे वरून आणलेल्या काठवटीत पाणी रेघेला लागून गप्प राहिलं. मग दोघांनी आंब्याखाली बसून आगबोटीची भाकरी खाल्ली. शेजारी काळ्या मातीचा ढीग होता. तो अजून पसरायचा होता, आणि त्याला आठ दिवस तरी लागणार होते.

भिकूला नाते गावापर्यंत सोबत करायचं कबूल केलेला गोमाजी सकाळपासून वर ओटीशी येऊन थांबला होता.

"भिकू कुठाय? मचवा चुकंल."

"चुकला," सगुणाबाई म्हणाली. "ट्रंक आत ठेवा तेवढी. भाताचं बियानं ठेवायला झाकनाचं कायतरी हवंच व्हतं."

मग ती ओटीच्या कडेशी आली आणि तिने खाली खाचराकडे बघून हाक मारली.

"आवडे, पानी बघून झालं असंल तर काठवट आन गो. रातच्याला तिघांच्या भाकऱ्या थापायच्यात."